न लिंपलेला पाट

पाणी वाया गेलेलं मला बघवत नाही. कुणाच्या घरी मोरीतला नळ ठिबकताना दिसला, तर पाहुणी म्हणून गेलेली मी उठून तो पिळते, आणि तरी नाही थांबला तर खाली वाटी ठेवते. माझ्या मुली याला माझा आजार म्हणतात. खुशाल म्हणोत. पण याच सवयीपायी मी एका बाईची विहीर नासवली आणि तिचं घर उठवलं, हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही. चाळीस वर्षं होत आली. तरी घोट घेताना कधीतरी पाणी जिभेवर मचूळ लागतं, आणि मी पेला खाली ठेवते. पेल्यातलं पाणी चांगलंच असतं, हे मलाही कळतं.

माझं माहेर घाटकोपरचं. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि सकाळी पाऊण तास येणारा नळ. तेवढ्या वेळात पिंप, बादल्या, कळशा आणि शेवटी तांबे-पातेलीसुद्धा भरून ठेवायची शिस्त होती. तांदूळ धुतलेलं पाणी कुंड्यांना, कपडे पिळलेलं पाणी मोरी धुवायला. मी गणित घेऊन बी.एस्सी. झाले, आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन बोरिवलीला खाडीच्या बाजूच्या एका भाजीच्या वाडीत सून म्हणून आले.

सासू मी यायच्या आधीच गेलेल्या. नवरा गोरेगावच्या एका स्टुडिओत लाइटच्या कामावर, त्यामुळे घरात दिवसभर मी आणि सासरे. त्यांना सगळे अण्णा म्हणत, मीही म्हणू लागले. बोलायचे कमी, पण बोलले की सुपारी फोडल्यासारखं. वाडीच्या वरच्या टोकाला आमची विहीर होती, तिच्यावर पंप, पंपाखाली दगडी हौद. हौदातून निघालेला मातीचा पाट उतारानं पालक, माठ, मुळा, भेंडीच्या वाफ्यांना पाणी देत थेट खालच्या कुंपणापर्यंत जायचा. कुंपणापलीकडे अण्णांच्या धाकट्या बहिणीचं, म्हणजे आमच्या आत्यांचं, दोन खणांचं कौलारू घर, त्यांची छोटी विहीर आणि मोगऱ्याची झाडं. त्याच्यापुढे भरतीच्या पाण्याचं खाजण, तिवरं आणि खाडी.

आत्या लग्नानंतर चार वर्षांत विधवा होऊन परत आलेल्या. मूलबाळ नव्हतं. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजेसासऱ्यांनी, त्यांना तो तुकडा तोडून दिला होता. दुपार कलली की आत्या कळ्या खुडायच्या, केळीच्या सोपाच्या, वाळल्या सालीच्या, दोऱ्यात गजरे ओवायच्या आणि मार्केटच्या तोंडाशी बसून विकायच्या. त्यावर त्यांचं सगळं चालायचं. अण्णांना त्या दादा म्हणायच्या, पण भावाकडे त्यांनी कधी हात पसरला नाही. उलट माझ्यासाठीच रोज संध्याकाळी एक गजरा कुंपणावरून पुढे यायचा. "नव्या सुनेचे केस रिकामे बरे नाय दिसत," म्हणायच्या. मला त्या घरात बाईमाणूस म्हणून त्याच. मासळी साफ करायला, माठाच्या जुड्या बांधायला, अण्णा गप्प झाले की ते रागावलेत की नुसतेच गप्प आहेत हे ओळखायला, सगळं मला त्यांनीच शिकवलं.

पहिल्याच उन्हाळ्यात मी हैराण झाले. एप्रिल लागला तशी वरची विहीर खाली गेली. पंप तासभर चालला की हवा ओढायचा. तेवढ्या तासाभरात हौदातून सुटलेलं पाणी शेवटच्या तीन वाफ्यांपर्यंत पोचायचंच नाही. अण्णा खालची भेंडी वाळताना बघत राहायचे. मी पाटाकाठून चालत गेले. वर मांडीएवढी असलेली धार खाली येता येता करंगळीएवढी होत होती. पाटाची माती पीत होती. आणि खोटं नाही सांगत, माती पाणी पिते त्याला आवाज असतो. अगदी बारीक, ओठ न उघडता कुणी काही पुटपुटावं तसा. मला तो तेव्हा नुसता उधळपट्टीचा आवाज वाटला.

वाडीत पाट लिंपायची रीत होती. दिवाळी झाली, पावसाची ओल उतरली की तळ्यातली चिकणमाती आणायची, त्यात शेण आणि भाताचं तूस कालवायचं आणि हौदापासून खाली येत पाटाचा तळ आणि दोन्ही कडा हातानं लिंपायच्या. त्यानं गळती कमी व्हायची, पण फाल्गुनापर्यंत लिंपणाला भेगा पडायच्या. त्या वर्षी मीही पदर खोचून बसले. लिंपत लिंपत आम्ही खालच्या कुंपणाजवळ आलो आणि अण्णांनी हात धुतले. शेवटचा वीसेक हातांचा तुकडा तसाच भुसभुशीत, उघडा. त्याच्या काठाला अण्णांनी नारळ ठेवला, हात जोडले.

"हे राहिलं ना, अण्णा," मी म्हणाले.

"ते नाय लिंपायचं. राखणदाराचं हाय ते."

वाडीचा राखणदार भर दुपारी बाराला त्या बाजूनं फिरतो, पाणी पितो, म्हणून तेवढा पाट उघडा ठेवायचा आणि त्या वेळी तिकडे जायचं नाही, असं अण्णांनी सांगितलं. मी मान डोलावली. मनात म्हटलं, घ्या, आमच्या घाटकोपरला माणसांना पाणी नाही आणि इथे भुतांना पाट सोडलाय.

आता माझ्या शहाणपणाला शिंगं फुटली. एके दिवशी अण्णा भाजी घेऊन मार्केटला गेले असताना मी लिंपलेल्या पाटाचा वीस हातांचा भाग दोन्हीकडून मातीचे बांध घालून अडवला, पाण्यानं भरला, त्यात बोटाबोटावर खुणा केलेली बांबूची काठी रोवली आणि घड्याळ लावून बसले. तासाभरात पाणी एक बोट उतरलं. मग तेच खालच्या उघड्या तुकड्यात केलं. पाऊण तासात काठीचा तळ दिसला. एवढंसं अंतर, पण वरच्या सगळ्या पाटात मिळून मुरत नसेल इतकं पाणी तिथे मुरत होतं. मी ते वहीत मांडलं आणि संध्याकाळी अण्णांपुढे ठेवलं. सगळा पाट सिमेंटनं बांधून काढला, तर तेवढ्याच तासाभराच्या पंपात शेवटच्या वाफ्यालाही पाणी मिळेल, हे त्यांना समजावलं.

अण्णांनी वही उलटसुलट बघितली. माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत कौतुक होतं, ते मला कळलं. "कर," म्हणाले. "पण तेवढा तुकडा सोड."

"सगळं पाणी तर तिथेच जातंय, अण्णा. राखणदाराला एवढं पाणी कशाला लागतं?"

"सोड म्हटलं ना. मग सोड."

सिमेंट तेव्हा सहजी मिळत नसे. वडिलांच्या ओळखीनं मी ते मिळवलं. जानेवारीत काम सुरू झालं. गल्लीतलाच एक गवंडी होता, शांत, बिडी ओढत काम करणारा. हौदापासून खाली गुळगुळीत राखाडी पाट येऊ लागला आणि मला रोज सकाळी उठून तो बघायची घाई व्हायची. सासरच्या घरात माझं असं ते पहिलं काम होतं. काम कुंपणाजवळ आलं तेव्हा अण्णा नात्यातल्या लग्नाला सफाळ्याला दोन दिवस गेलेले. दीड पोतं सिमेंट शिल्लक होतं. गवंड्यानं विचारलं, "बाई, एवढंच कशाला सोडायचं? सगळं पाणी इथंच जाईल की."

त्याला अण्णांचं म्हणणं माहीत नव्हतं. मला माहीत होतं. भर दुपारची वेळ होती, तिवरांचं एक पानसुद्धा हलत नव्हतं. मी त्या उघड्या मातीकडे बघितलं, दिवाळीनंतर ठेवलेला नारळ सुकून तिथे पडला होता. तो मी चपलेनं बाजूला सारला आणि म्हणाले, "करून टाका."

अण्णा परत आले. खालपर्यंत चालत गेले आणि तिथेच बराच वेळ उभे राहिले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. आत आले तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे न बघता म्हणाले, "गवंड्यानं चुकून केलं, अण्णा. मी मार्केटला गेले होते."

इतकं सोपं होतं ते. पीठ मळता मळता सांगून टाकलं. अण्णा एवढंच म्हणाले, "त्याला पुन्हा नाय बोलवायचं." नंतर कितीतरी दिवस तो माणूस रस्त्यात भेटला की नमस्कार करायचा आणि मी दुकानात काहीतरी घ्यायचंय असं दाखवून वळायचे.

अण्णा तो तुकडा फोडायला लावतील, असं मला आठवडाभर वाटत होतं. पहारही त्यांनी काढून भिंतीला लावून ठेवली होती. पण नाही फोडला. आणि त्या उन्हाळ्यात पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत खळखळत गेलं. भेंडी एवढी आली की खुडून हात खाजायचे. मे महिन्यात नातेवाईक आले तेव्हा अण्णा सगळ्यांसमोर म्हणाले, "आमच्या सूनबायनं पाणी वाचवलं. आमाला जन्मात जमलं नाय." अण्णांकडून असलं वाक्य म्हणजे काय, ते त्या घरात राहिलेल्यालाच कळेल. मी आत जाऊन उगाचच डबे पुसत बसले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आत्यांकडे गेले. त्यांनी चहा टाकला, दूध घातलं आणि चहा फाटला. पांढरे गोळे वर आले.

"दूध नासकं निघालं बघ," आत्या म्हणाल्या आणि पातेलं घाईनं मोरीत ओतलं.

दूध आमच्याच गवळ्याचं होतं. त्याच चरवीतलं दूध आमच्या घरी सकाळी उतू गेलेलं, चांगलं होतं. मी मडक्यातलं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं. मचूळ. पार खारट नाही, पण घशाला चिकटून राहणारं. मोरीच्या कडेला तांब्यावर पांढरा थर बसला होता. दारातून मोगरा दिसत होता, पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी. मी गणिताची मुलगी. मला तिथे, त्या क्षणी, सगळं समजलं. इतकी वर्षं त्या उघड्या वीस हातांतून मुरणारं गोडं पाणी आत्यांच्या विहिरीत उतरत होतं आणि खाडीचं खारं पाणी मागे रेटत होतं. मी ते अडवलं होतं. जे पाणी मी वहीत वाया गेलं म्हणून मांडलं, ते वाया जात नव्हतं.

त्याच दिवशी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण बोलायचं म्हणजे चुकून नाही, मीच करायला लावलं हे सांगायला लागलं असतं. आदल्या दिवशीचं अण्णांचं ते वाक्य परत द्यायला लागलं असतं. मी म्हटलं, पाऊस येईल, विहीर भरेल, मग बघू. आत्या माझ्याकडे बघत होत्या. "बस गं, सरबत देते," म्हणाल्या, आणि सरबतात साखर जरा जास्तच घातली.

पाऊस आला, विहीर भरली, पाणी गोड झालं. मी सुटले असं वाटलं. दिवाळीनंतर पाणी पुन्हा फिरलं. मग आत्या कळशी घेऊन वर आमच्या विहिरीवर येऊ लागल्या. "माझ्या विहिरीत पाला पडलाय, उपसायचीय," म्हणायच्या. मग म्हणायच्या, दोर झिजलाय. अण्णांना मोगऱ्याचं कारण कीड सांगितलं. रोज एक नवं कारण, आणि मी रोज ते ऐकून "हो का" म्हणायची. त्यांच्या डोक्यावरची कळशी उतारानं खाली जाताना बघणं हा त्या हिवाळ्यातला माझा रोजचा नेम झाला. तुरीची डाळ शिजत नाही म्हणून त्यांनी ती करणंच सोडलं, हे मला त्यांच्या ताटावरून कळलं. सिमेंटच्या पाटातून पाणी कसलाही आवाज न करता जायचं. ते मला सहन होईना.

फाल्गुन लागला. मोगरा बहरायचे दिवस, आणि झाडांच्या नुसत्या काड्या उरलेल्या. एका दुपारी मी कुंपणापाशी गेले. बारा वाजले असतील, ऊन मी म्हणत होतं. आत्या टोपली काखेत धरून त्या काड्यांमधून फिरत होत्या. एकेका झाडापाशी वाकायच्या, फांद्यांवरून बोटं फिरवायच्या, आणि हात टोपलीत न्यायच्या. टोपली रिकामी होती. मी हाक मारली नाही. मागच्या मागे घरात आले, कडी लावली आणि पलंगावर बसून राहिले. भीती म्हणजे काय ते मला त्या दुपारी कळलं, आणि ती कुठल्या राखणदाराची नव्हती.

त्या संध्याकाळीही कुंपणावरून गजरा आला. टपोऱ्या कळ्यांचा. मी तो केसांत माळायला घेतला आणि बोटांना दोरा लागला. सुती दोरा होता. आत्या केळीच्या सोपाशिवाय कधी ओवत नसत. मार्केटच्या तोंडाशी ज्या बाया त्यांच्या शेजारी बसायच्या, त्यांच्यातल्या कुणाकडून तरी तो गजरा विकत घेतलेला होता. मी तो माळला. दुसरं काय करणार होते? रात्री काढून उशाशी ठेवला आणि नवऱ्याला डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

होळी झाली आणि आत्या गोवंडीला राहायला गेल्या. तिथे त्यांची भाची होती. "तिला पोरांमुळे माणूस लागतं हाताखाली," एवढंच त्या अण्णांना म्हणाल्या. एक ट्रंक, एक वळकटी. जाताना विहिरीचा दोर गुंडाळून त्यांनी आमच्या ओटीवर ठेवला. मी पाया पडले तेव्हा पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "भेंडी जून होऊ देऊ नको, कवळी असतानाच काढ."

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नव्हे. पण त्यानंतर रोज दुपारी, बाराच्या सुमाराला, मला खालून रहाट कुरकुरल्याचा आवाज यायचा. दोर ओटीवर होता, रहाटाला काही नव्हतं. पहिल्यांदा मी उठून गेले. विहिरीवर कुणी नव्हतं, मोगऱ्याच्या काड्या तेवढ्या उभ्या. मी वळले आणि पाठीमागे कुणीतरी वाकलंय, फांद्यांवरून बोटं फिरवतंय, असं स्पष्ट जाणवलं. मागे बघितलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. मी कानांत बोळे घालून बघितलं, रेडिओ मोठा करून बघितलं. अण्णांना विचारलं, तुम्हांला काही ऐकू येतं का? ते म्हणाले, नाय. पण जेवत नव्हते तेही नीट.

दहा-बारा दिवस असे गेले. मग एका दुपारी मी भिंतीची पहार उचलली आणि खाली गेले. सिमेंट चांगलं बसलं होतं, सहजी फुटेना. घाम डोळ्यांत जात होता. मागून अण्णा आले, उभे राहिले.

"अण्णा, गवंड्याची चूक नव्हती," मी म्हणाले. "मीच करायला लावलं होतं. आत्यांची विहीर याच्यामुळे नासली. मला गेल्या मेपासून माहीत होतं."

अण्णांनी माझ्या हातातली पहार घेतली. मला वाटलं, फेकतील. ते स्वतःच फोडू लागले. चारपाच घाव घातल्यावर दम लागला, तेव्हा काठावर बसले.

"राखणदार नाय नि कोण नाय," ते म्हणाले. "माझ्या बापानं तिला हा तुकडा दिला ना, तेव्हाच तिच्या विहिरीसाठी एवढा पाट उघडा ठेवला. मला म्हणाला, बहिणीचं पाणी म्हटलंस तर उद्या तुझी बायको बोलेल, सून बोलेल, बंद करतील. देवाचं म्हण. देवाच्या वाट्याला कोण हात लावत नाय."

मला हसू आलं की रडू, आठवत नाही. माझ्या आजेसासऱ्यांनी सगळ्यांचा विचार करून ठेवला होता, फक्त बी.एस्सी. झालेली सून त्यांच्या हिशेबात नव्हती. नुसतं बहिणीचं पाणी म्हणून सांगितलं असतं, तर मी थांबले असते. निदान असं मी स्वतःला सांगते.

"मग तुम्ही तेव्हाच का नाही फोडलंत, अण्णा?"

"फोडणारच होतो. पहार काढून ठेवलेली. तीच म्हणाली, राहू दे, माझ्या विहिरीला हाय तेवढं पुरे." मग फुटलेला सिमेंटचा तुकडा बाजूला सारून म्हणाले, "मोगरा गेला तेव्हा मला कळायला हवं होतं. ती सांगत होती ते ऐकणं बरं वाटत होतं."

पाट फुटला. माती पुन्हा पाणी पिऊ लागली. पण खारं पाणी एकदा आत आलं की ते आपल्या घाईनं मागे जात नाही. मी दर आठवड्याला ओंजळभर पाणी चाखायचे. एक पावसाळा गेला, दुसरा गेला, विहीर उन्हाळ्यात मचूळच होत राहिली. पुढे काही वर्षांनी वाडीच गेली आणि तिथे इमारती आल्या. ती विहीर कुठल्या इमारतीखाली आहे, ते मला पावलं मोजून सांगता येतं, पण मी तिकडे जात नाही.

पाट फोडल्याला महिना झाला असेल, तेव्हा मी गोवंडीला गेले. आत्या परत याव्यात एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी एका बाटलीत पाणी नेलं होतं. आमच्या वरच्या विहिरीचं. तुमच्या विहिरीचं पाणी गोड झालं, असं सांगून त्यांना घरी आणायचं आणि मग रोज वरून कळश्या मी वाहायच्या, असा माझा बेत होता.

भाचीची एकच खोली, बाहेर पत्र्याची पडवी. आत्या पडवीत बसून मेथी निवडत होत्या. मला बघून त्यांचा चेहरा असा उजळला की मला खाली बघावं लागलं. भाची चहाला आत गेली. मी बाटली पुढे केली. "तुमच्या विहिरीचं, आत्या. गोड झालं. चला घरी."

त्यांनी एक घोट घेतला. तोंडात जरा फिरवला. मग सावकाश सगळी बाटली प्यायल्या आणि पदरानं ओठ पुसले.

"वरच्या विहिरीचं हाय," म्हणाल्या. "लबाडी तुला कधी जमायची नाय गं."

मी रिकाम्या बाटलीचं बूच लावत बसले.

"गवंडी त्या दिवशी संध्याकाळी माझ्याकडेच पाणी प्यायला आलेला. म्हणाला, बाईंनी सगळं करून घेतलं, झकास काम झालं. आणि मग दादा येऊन म्हणतो, गवंड्यानं चुकून केलं, उद्या फोडतो. म्हणजे तू त्याच्याशी खोटं बोललीस, ते कळलंच मला."

"मग तुम्ही का थांबवलंत अण्णांना?"

आत्यांनी मेथीची एक काडी उचलली, पानं खुडली. "फोडायला घेतलं असतं, तर त्यानं गवंड्याला जाब विचारला असता, सगळं निघालं असतं. दादाला खोटं खपत नाय. त्यानं तुझ्याशी बोलणं टाकलं असतं, जन्मभर. तुझी सासू नाय, आई लांब. नवी आलेली पोर तू. मला म्हातारीला किती दिवस काढायचे होते त्या घराशेजारी? तुला सगळा जन्म काढायचा होता. म्हटलं, विहीर सोसेल. नाय सोसली."

मला रडू फुटलं. मी तोंडावर पदर दाबला, तरी आवाज यायला लागला. आत्यांनी माझा दंड धरला. "गप. गप बस. भाचीला नाय ठाऊक काय. तिला सांगितलंय मी, सांधे धरलेत, घागर ओढवत नाय म्हणून आले. तुझं नाव नको यायला."

भाची चहा घेऊन बाहेर आली. माझ्याकडे बघून थांबली. "काय झालं वहिनी?"

आत्या मेथी निवडत होत्या. वर बघत नव्हत्या.

"काही नाही," मी म्हणाले. "आत्यांचे सांधे बघवत नाहीत मला." आणि तिच्या हातातला चहा घेतला.